बेणणीच्या जोडधंद्यासाठी ५२ सीसी ग्रासकटर: घ्यावा का?

पावसाळा सरला की आंबा-काजूच्या बागांत बेणणीची, म्हणजे गवत-झुडपं कापून साफसफाईची, एकच घाई उडते आणि गडी मिळत नाहीत. हे काम जोडधंदा म्हणून धरायचं तर ५२ सीसीचं टू-स्ट्रोक मशीन पुरेसं आहे, पण घ्यायचं ते पाठीवरचंच. कातळउतारावर खांद्याला अडकवायचं मशीन वळताना सारखं आडवं येतं.

खरी पारख पात्याची. मोकळ्या रानात तीन दात्यांचं पातं गवत आणि कोवळी झुडपं सपासप कापतं. गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाशी, मात्र पात्याऐवजी नायलॉन दोरीच लावा. पातं जांभ्याला लागलं की मशीन जोरात झटका मारतं, दाता तुटून उडू शकतो. दोरी रात्रभर पाण्यात भिजवली की कमी तुटते. नव्या कलमाची साल दोरीनेही सोलते, तिथे विळाच बरा.

कंपनीने पेट्रोल-ऑइलचं प्रमाण २५:१ सांगितलं असेल तर लिटरभर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑइल. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर कार्बोरेटर चिकटतो.

फांद्या तोडायला हे मशीन वापरू नका. गमबूट आणि चष्मा भांडवलातच धरा. या गवतात फुरसं असतं.