मागे फिरता न येणारी परीक्षा: अनुकूली चाचणी सत्रभर वापरल्यानंतर

विदर्भातील शाळा जूनअखेर उघडल्या तेव्हापासून नागपुरातील महाल भागातल्या आमच्या शिकवणी वर्गात दहावीच्या गणिताच्या श्रेणी संगणकावरील अनुकूली चाचणीने, म्हणजे मुलाच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न सोपे-अवघड करत जाणाऱ्या चाचणीने, ठरवल्या जात आहेत. ही चाचणी पुरवणाऱ्या कंपनीचे नूतनीकरणाचे देयक वाढीव दराने हाती पडले, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी नेणे थांबले, हे मान्य. मात्र आधीच्या प्रश्नाकडे परतता येत नाही, हे मला अजूनही खटकते. अडलेला प्रश्न सोडून पुढे जा आणि शेवटची दहा मिनिटे पडताळणीसाठी राखा, असे आपण मुलांना वर्षभर बजावतो. येथे नेमकी तीच सवय मोडते. प्रत्येक उत्तरावर पुढचा प्रश्न ठरत असल्यामुळे हे अपरिहार्य आहे, असे कंपनीचे म्हणणे. ते मला पटत नाही, कारण परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेने २०११ मध्ये प्रश्नागणिक बदल सोडून विभागागणिक बदल स्वीकारला आणि तेव्हापासून त्या विभागात मागे जाऊन उत्तर बदलता येते. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या डिजिटल एसएटी परीक्षेतही तशी मुभा आहे.

हुशार मुलांचेही निम्मे प्रश्न चुकतात, म्हणून सुरुवातीला मला चाचणीचाच संशय आला होता. परंतु मुलाची पातळी आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच मापावर मांडणाऱ्या राश प्रतिमानानुसार, बरोबर आणि चूक यांची शक्यता समसमान असलेला प्रश्नच सर्वाधिक माहिती देतो, आणि चाचणी तसेच प्रश्न शोधते. पालक मात्र ‘सर, कितीपैकी किती?’ एवढेच विचारतात, आणि त्याला सरळ उत्तर नसते.

खरा प्रश्न श्रेणींच्या सीमेवरच्या मुलांचा होता. असे अगदी नेमके जुळलेले २५ प्रश्न विचारले तरी त्या प्रतिमानाच्या मापावर प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चितता) ०.४ राहते, ती निम्मी करायची तर १०० प्रश्न लागतात. सर्वांना सारख्याच संख्येने प्रश्न देण्याची मूळ मांडणी बदलून, मुलाच्या अंदाजित पातळीभोवतीचा त्रुटीचा पट्टा श्रेणीच्या सीमेपासून पूर्ण बाजूला सरकला की चाचणी थांबावी, अशी मांडणी मी निवडली. बहुतेक मुले लवकर मोकळी होऊ लागली, वाचलेला वेळ सीमेवरच्यांना मिळाला, आणि माझे मत बरेच निवळले. ही सोय मेनूत इतक्या आत दडवण्याचे कारण कंपनीलाच ठाऊक.

तूर्त मासिक चाचण्यांपुरतेच नूतनीकरण केले आहे, तेही जुन्या दराने. सराव परीक्षा कागदावरच होईल.