केबलचा एचडी बॉक्स: बॉक्स चांगला, पण घरातली वायर बघा

केबलवाल्याकडून मिळणारा साधा एचडी बॉक्स घ्यावा का? टीव्ही 40 इंची किंवा मोठा आणि फुल एचडी असेल तर जरूर घ्यावा. एसडी म्हणजे जुन्या साध्या चित्रात 720 बाय 576 ठिपके असतात, एचडीत 1920 बाय 1080. क्रिकेटमधली स्कोअरपट्टी आणि सीमारेषेजवळचा चेंडू बघितला की फरक लगेच कळतो. 32 इंची एचडी रेडी टीव्हीचा पडदाच बहुधा 1366 बाय 768 चा असतो, त्यामुळे तिथे सुधारणा दिसते पण बेताची. 4के टीव्हीला जोडला तरी चित्र 4के होत नाही.

आपलं सोलापूर केबल डिजिटायझेशनच्या, म्हणजे सेट-टॉप बॉक्सच्या सक्तीच्या, दुसऱ्या टप्प्यातलं शहर, मुदत होती 31 मार्च 2013. तेव्हा टाकलेल्या वायरी आणि पिना कित्येक घरांत अजून तशाच आहेत. एचडी बॉक्सबद्दलच्या बऱ्याच तक्रारी खरं तर या वायरीच्या असतात, आणि दोष बॉक्सला मिळतो.

म्हणून पहिल्यांदा पिन बघा. बॉक्सच्या मागे 'केबल इन'ला जी फिरकीची पिन बसते, तिच्यातून तांब्याची मधली तार एक-दोन मिलिमीटरच बाहेर दिसली पाहिजे. आखूड राहिली तर आत टेकत नाही, लांब राहिली तर सॉकेट बिघडवते. बाहेरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी सिग्नल मरतो. तार हिरवी-काळी पडली असेल तर दोन इंच वायर कापून नवी पिन लावून घ्या. वायर आरजी-6 जातीची हवी. बोटानं घट्ट करून वर पाव फेरा पान्यानं, एवढं पुरे.

दुसरं दुखणं स्प्लिटर. हॉल आणि बेडरूमसाठी दोन तोंडांचा स्प्लिटर लावला की प्रत्येक टीव्हीला साधारण साडेतीन ते चार डीबी (डेसिबल, सिग्नल मोजायचं माप) सिग्नल कमी मिळतो. चार तोंडांचा लावला तर सात-आठ. एसडी चॅनल तेवढ्यावर निभावून नेतात. एचडी चॅनल 256 क्वामवर, म्हणजे सिग्नलमध्ये जास्त माहिती कोंबायच्या पद्धतीनं, येत असतील तर आधी तेच फुटतात: चौकोन पडतात, आवाज तुटतो, चित्र अडकतं. मोकळं तोंड उघडं न ठेवता 75 ओहमचं टोपण लावावं. बॉक्सच्या मेन्यूत सिग्नल लेव्हल दिसते. 50 ते 65 डीबी मायक्रोव्होल्टच्या दरम्यान असली की निर्धास्त राहा. 45 च्या खाली गेली तर कारागिराला मीटर घेऊन बोलवा, बॉक्स बदलून काही होणार नाही. सिग्नल फार जास्त असला तरीही चित्र फुटतं, तेव्हा घरात परस्पर अँप्लिफायर बसवू नका.

जोडणी सोपी आहे. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही बंद करून एचडीएमआय वायर लावा, टीव्ही चालू करून सोर्समध्ये एचडीएमआय 1 निवडा, मग बॉक्स चालू करा. दीड मीटरची साधी वायर चालते, सोन्याच्या मुलाम्यासाठी पैसे घालवू नका. जुना बॉक्स काढताना लाल-पांढरी-पिवळी वायर तशीच नव्याला जोडून कारागीर निघाला तर त्याला थांबवा: त्या वायरीतून एचडी येतच नाही.

आता सेटिंग. व्हिडिओत 1080आय, चित्राचा आकार 16:9, आवाज पीसीएम. साउंडबार असेल तरच आवाज ऑटोवर. बातम्यांची खालची पट्टी कापली जात असेल तर तो टीव्हीचा दोष: टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करा. स्थानिक चॅनल 4:3 मध्ये असेल तर ते ताणू नका, माणसं जाडी दिसतात.

ॲक्टिव्हेशनचा संदेश येईपर्यंत बॉक्स चालूच ठेवा, स्टँडबायवर नको. 'सबस्क्राइब केलेलं नाही' असं आलं तर बॉक्सचा नंबर केबलवाल्याला सांगून पुन्हा सिग्नल मारायला लावा.

पॅकेज घेताना नीट बघा. एकाच चॅनलचे एसडी आणि एचडी असे दोन नंबर असतात. दोन्हीचे पैसे जात नाहीत ना, आणि सवयीनं एसडीचाच नंबर लागत नाही ना, हे तपासा. एचडी नंबर फेवरिटमध्ये टाकून ठेवा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांनी आणि कन्नड बघणाऱ्यांनी तयार मराठी पॅकवर समाधान मानू नये. स्टार मा एचडी, झी कन्नड एचडी असे हवे ते सुटे चॅनल मागून घ्यावेत. 2019 च्या फेब्रुवारीपासून सुटे चॅनल निवडायची सोय आहेच.

बॉक्सच्या रिमोटवरची रंगीत चौकटीतली चार-पाच बटणं टीव्हीसाठी असतात, ती शिकवायची अशी. सेट बटण लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबा, त्यातलं एक बटण दाबा, टीव्हीचा रिमोट समोरासमोर दोन-तीन इंचांवर धरून त्याचं तेच बटण दाबा. दिवा लुकलुकला की शिकला. शेवटी परत सेट.

बॉक्स बंद शोकेसमध्ये किंवा इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि बॉक्स स्टँडबायवरही गरम राहतो. चहूबाजूंनी तीन-चार इंच जागा सोडा. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर काढून भागत नाही, केबलची पिनही सोडवा. वीज त्या तारेतूनही येते आणि बॉक्सबरोबर टीव्हीचा एचडीएमआय पोर्टही जाळते.