वाडीची पवनचक्की: 17 महिन्यांची वही

आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यावरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळ-पठारावर. दारात उभं राहिलं की समोर वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या फिरतायत. खाली कोयनेचं धरण, त्याचा वीजप्रकल्प 1900 मेगावॅटच्या वरचा. म्हणजे पाण्याची वीज आमच्या पायाखालून जाते आणि वाऱ्याची डोक्यावरून. आणि आमच्याकडे मृगाचा पहिला झोत आला की लाईट जाते, ती कधी दोन दिवस, कधी पाच. लाईन जंगलातून येते. एक फांदी पडली तरी ती नेमकी कुठे पडली हे वायरमनला चालत जाऊन शोधावं लागतं, आणि त्या पावसात त्या बिचाऱ्याला तरी काय बोलणार.

मागच्या वर्षी होळीच्या आधी आम्ही वाडीसाठी 3 किलोवॅटची छोटी पवनचक्की, 6 किलोवॅटचे सोलर पॅनल आणि 20 युनिट साठवणारी लिथियम बॅटरी बसवली. सगळं मिळून बारा लाखांच्या आसपास गेले. त्यातले निम्म्याहून जास्त मुंबईकर मंडळाने दिले, बाकी आमची वर्गणी आणि बचत गटाची शिल्लक. बॅटरीच्या खोलीची चावी माझ्याकडे असते आणि रोज संध्याकाळी सातला मीटरचे आकडे मी वहीत लिहिते. आता आजूबाजूच्या वाड्यांतून फोन येतात, "वहिनी, चक्की घ्यावी का?" प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला. म्हणून वही समोर ठेवून एकदाच लिहून टाकतेय.

आधी हे, की आम्ही सरकारी अनुदानातलं छतावरचं सोलर का घेतलं नाही. आमच्याच तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, ती बघूनच आमच्या डोक्यात हे खूळ शिरलं. सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, बिल जवळजवळ शून्यावर येतं. ज्यांचं दुखणं बिलाचं आहे त्यांनी डोळे झाकून तेच घ्यावं. आमचं दुखणं बिलाचं नव्हतंच. लाईनला जोडलेलं साधं सोलर लाईन गेली की स्वतःही बंद पडतं. तसं केलेलंच असतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट लागायचा. म्हणजे पॅनल छतावर, वर ऊन, आणि घरात अंधार. आम्हाला लाईट गेल्यावर चालणारं हवं होतं, म्हणून बॅटरी आली, आणि पावसाळ्यात बॅटरी भरणार कशाने म्हणून चक्की आली.

आता चक्की विकणाऱ्याचा हिशोब ऐका. "3 किलोवॅट गुणिले 24 तास, 72 युनिट रोज. निम्मे धरा, 36." आमच्या तात्यांनी मान डोलावली. खरा प्रकार असा की 3 किलोवॅट हे चक्कीचं पगारपत्रक आहे, हातात येणारी रक्कम वेगळी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वीज दुप्पट होत नाही, आठपट होते. आणि वेग निम्मा झाला की आठव्या हिश्शावर येते. आमच्या चक्कीच्या पात्यांचा व्यास 4 मीटर. दिराने हातात धरायचा वारामापक ऑनलाईन मागवला आणि आम्ही दोघांनी एक रविवार घालवला. सेकंदाला 4 मीटर वारा असताना जेमतेम 120 वॅट. 8 मीटर झाला की हजाराच्या वर. पूर्ण 3 किलोवॅट हवे असतील तर 12 मीटरचा वारा लागतो, तेव्हा माणसाला सड्यावर सरळ उभं राहता येत नाही. वर्षभराची सरासरी वहीतून काढली तर रोज 7 युनिट. 36 कुठे आणि 7 कुठे.

त्यातही पहिले तीन महिने तर 7 पण नव्हते. कारण चक्की चुकीच्या जागी उभी केली. शाळेच्या मैदानात, देवळामागच्या ऐन-जांभळाच्या झाडांना लागून, 9 मीटरच्या खांबावर. खोलीला जवळ, केबल कमी लागते म्हणून. झाडांवरून येणारा वारा गोंधळलेला असतो. चक्की कधी इकडे तोंड करायची, कधी तिकडे, सारखी मान वळवत बसायची आणि वीज काही नाही. आसपासच्या झाडा-घरांपेक्षा पाती निदान 9-10 मीटर वर हवीत, हे आम्हाला नंतर कळलं. मे महिन्यात खांब काढून सड्यावर मोकळ्यात नेला आणि 15 मीटरचा केला. आता खोली 60 मीटर लांब पडली, आधीची बारीक केबल तापायला लागली, म्हणून तीही बदलली. हा सगळा खर्च पहिल्याच दिवशी शहाणपणाने केला असता तर वाचला असता. कोणी घेणार असेल तर पैसे पात्यांवर कमी आणि खांबावर जास्त घाला.

मग पाऊस लागला, आणि खरं सांगते, मी चक्कीला मनातल्या मनात दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या. आषाढात आमच्याकडे ऊन असं दिसतच नाही. 6 किलोवॅटच्या पॅनलने, जे मार्चमध्ये रोज 24 युनिट देत होते, जुलैमध्ये 7 दिले. एका दिवशी तर साडेतीन. त्याच जुलैत चक्की रोज सरासरी 17 युनिट देत होती. वाडीची गरज आहे रोज 15 युनिट. 23 घरांची दिवाबत्ती, पंखा, टीव्ही, मोबाईल, रस्त्यावरचे 10 दिवे, अंगणवाडी, आणि पिण्याच्या पाण्याची 2 एचपीची मोटर. त्या महिन्यात महावितरणची लाईट मोजून 11 दिवस नव्हती आणि वाडीत एका घरात कंदील पेटला नाही. नळाला पाणी चुकलं नाही. आमच्या घरातल्या आजीला फक्त आवाजाचा त्रास. म्हणतात, "रात्रभर कोणीतरी सूप पाखडत बसलंय गं." खरंच तसाच आवाज येतो. वारा फार झाला की मात्र शेपटी वळते, चक्की वाऱ्याला बगल देते आणि एसटी दुसऱ्या गिअरवर घाट चढते तसा घरघराट सुरू होतो. पहिल्या वेळी आम्ही सगळे घाबरून बाहेर आलो होतो. ते चक्कीचं स्वतःला वाचवणं असतं.

एक गंमत सांगायची राहिली. बॅटरी पूर्ण भरली आणि वारा सुरूच असला तर जास्तीची वीज कुठेतरी खर्चावी लागते, नाहीतर चक्की मोकाट सुटते. त्यासाठी खोलीत एक लोखंडी डबा आहे, आत हीटरसारखी कॉईल. वीज नुसती जाळून टाकायची. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळतात कुठे? तीन दिवसांत अंगणवाडीच्या मदतनीस काकींनी त्या डब्याच्या वर दोरी बांधली आणि पोरांचे गणवेश वाळत घातले. चौथ्या दिवशी एक बाही करपली. मग जाळी करून घेतली, दोरी हातभर वर नेली, आणि आता जुलै-ऑगस्टमध्ये त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. कंपनीच्या माहितीपत्रकात हा उपयोग लिहिलेला नाही.

गणपतीत मात्र वाट लागली. प्रत्येक घराला महावितरणच्या बोर्डाशिवाय चक्की-सोलरची वेगळी लाईन आहे, आणि तिच्यावर आम्ही 2 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) दिलाय, म्हणजे साधारण 460 वॅट. वाडीतल्या बायकांना ते पाठ झालं होतं: मिक्सर लावायचा तर महावितरणच्या बोर्डावर, इस्त्रीचं तर नावच नको. पण गणपतीला मुंबईकर आले. एकेका घरात दहा-बारा माणसं. कोणी चहाची किटली आणलेली 1500 वॅटची, कोणी अंघोळीच्या पाण्याला रॉड लावला. पाच दिवसांत एमसीबी 31 वेळा पडले, मी प्रत्येक वेळी वहीत रेघ मारली. आमच्या घराण्याच्या आरतीच्या वेळी "जय देव जय देव" म्हणत असतानाच अंधार झाला. त्यावरून भाषण सुरू: "पैसे आम्ही दिले आणि आम्हालाच चहा नाही?" पैसे त्यांनी दिले हे खरंच आहे. चुलतसासरे शेवटी म्हणाले, "बाळांनो, पैसे तुमचे, वारा देवाचा, पण पावसाळ्यात इथे राहतो आम्ही." किटल्या गेल्या महावितरणच्या बोर्डावर. पुढच्या गणपतीसाठी प्रत्येक घराच्या चक्कीच्या बोर्डावर लाल रंगाने "चहा इथे नाही" लिहून ठेवलंय.

भाद्रपद सरता सरता तीन दिवस असे आले की आभाळ भरलेलं आणि वारा पडलेला. चक्की नुसती शोभेची. बॅटरी 18 टक्क्यांवर आली तेव्हा मी रात्री दहानंतर घरांची लाईन बंद ठेवली. नेमकी त्याच तीन दिवसांत महावितरणची लाईट एकदाही गेली नाही, त्यामुळे माझी बोलणी वाचली. म्हणून सांगते, जुनी जोडणी कधीही तोडू नका. थंडीत चक्की रोज 2-3 युनिट देते, कधी तेही नाही. पण तेव्हा पॅनल पोटभर देतात, चक्कीकडे कोणाचं लक्षही नसतं.

खरा दणका एप्रिलच्या शेवटी बसला. वळवाचा पाऊस, सड्यावर वीज पडली. खांबावर तडितरोधक होता, चक्की वाचली. खोलीतला चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी किती भरायची हे सांभाळणारं यंत्र, जळाला, काळा धूर, वास दोन दिवस जाईना. तपासलं तर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा भाग, कोटेशनवर होता, प्रत्यक्षात बसवलेलाच नव्हता. पुरवठादाराला फोन केला तर "माणूस पाठवतो" हे वाक्य 23 दिवस ऐकलं. दुसरी गोष्ट म्हणजे आपला जांभा दगड. पावसात चिखल, उन्हाळ्यात हाडासारखा कोरडा, आणि कोरड्या जांभ्यात अर्थिंग मरतं. विजेला जमिनीत उतरायला वाटच नसते. आता अर्थिंगचा खड्डा नव्याने खोल खणून कोळसा-मीठ भरलंय, आणि होळीपासून पाऊस लागेपर्यंत दर आठवड्याला दोन हंडे पाणी त्यात ओतायचं हे पाण्याच्या पाळीतच लावून टाकलंय. दिराने आयटीआय केलंय म्हणून हे सुचलं. तुमच्या वाडीत असा माणूस नसेल तर आधी एका पोराला आयटीआयला घाला, चक्की मागून घ्या.

कंट्रोलर पडला 38,000 ला. आम्ही दर घराकडून महिन्याला 100 रुपये घेतो. तेव्हा खात्यात शिल्लक होती 24,700. उरलेले 13,300 परत मंडळाकडे मागावे लागले आणि किटलीचा विषय परत निघाला. तेव्हापासून वर्गणी 150 केली. चार घरं अजून देत नाहीत. त्यांची लाईन तोडा असं ग्रामसभेत म्हणणारे बरेच आहेत, पण त्यातली एक बाई एकटी राहते, तिचे आम्ही गटातून भरतो. बाकीच्या तिघांना परवडतं, ते मुद्दाम देत नाहीत. भावकीची जुनी भांडणं आहेत, त्यात चक्कीचा काय दोष.

या वर्षी पावसाआधी खांब आडवा करून तपासला. हे काम दिसायला सोपं, पण आठ माणसं, एक ट्रॅक्टर आणि जाड दोर लागतो. ताणाच्या तारा एका बाजूने सैल सोडत, दुसऱ्या बाजूने धरत, खांब म्हातारा माणूस खाटेवर टेकवावा तसा हळूहळू खाली आणायचा. पात्यांच्या पुढच्या कडा पावसाच्या माऱ्याने खडबडीत झाल्या होत्या, पॉलिश पेपरने घासून वरून चिकटपट्टी लावली. दोन नट हाताने फिरतील इतके सैल निघाले. बिजागरीला गंज. आदल्या वर्षी "मेंटेनन्स काही नाही" असं मला तोंडावर सांगितलं होतं.

तर घ्यावी का? युनिटच्या भावाने बघाल तर चक्की तोट्याची. तिच्यावर खांबासकट साडेचार लाख गेले आणि वर्षाला 2,700 युनिटही मिळत नाहीत. पॅनलवर 3 लाखही गेले नाहीत आणि अडीच पटींनी जास्त वीज देतात. खालच्या गावात, देशावर, जिथे पावसाळ्यातही ऊन डोकावतं, तिथे चक्कीच्या नादी लागू नका. तेच पैसे पॅनलला आणि बॅटरीला घाला. पण आमच्यासारखं सड्यावर, जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य रजेवर असतो आणि वारा छपरं उडवतो, तिथे त्या चार महिन्यांसाठी मी आजही घेईन. 15 मीटर खांब पहिल्याच दिवशी, सर्ज प्रोटेक्टर स्वतःच्या डोळ्यांनी बघून, आणि खात्यात एका कंट्रोलरचे पैसे आधीच ठेवून.

काल रात्री लाईट साडेआठला गेली ती अजून आलेली नाही. आजची नोंद: पॅनल 6.2, चक्की 19.4, बॅटरी 91 टक्के, दोरीवर गणवेश 14.