टाक्यांच्या फुगून आलेल्या व्रणावर सिलिकॉन शीट आणि केलॉइडची इंजेक्शनं : घरातल्या दोघींचा अनुभव

सीझरची रेघ फुगून दोरीसारखी वर आली की काय होतं ते जिला झालंय तिलाच कळतं, सलवारची नाडी नेमकी तिथेच घासते, रात्री खाज सुटते आणि उन्हाळ्यात तर अगदी नकोसं होतं. मला डॉक्टरांनी सिलिकॉन जेल शीट दिली आणि माझ्या धाकट्या जावेला कानावरच्या केलॉइडसाठी, म्हणजे जखमेबाहेर पसरत जाणाऱ्या व्रणाच्या गाठीसाठी, इंजेक्शनं, म्हणून दोन्हींचं एकत्रच लिहितेय, कारण मेडिकलमध्ये नुसतं "डागाची क्रीम द्या" म्हटलं की काहीही हातात देतात.

आधी आपलं नक्की काय आहे ते बघा. जखम होती तेवढ्याच जागेत उंच आणि लाल झालंय, तेही टाके भरल्यावर थोड्याच आठवड्यांत, तर तो बहुतेक हायपरट्रॉफिक म्हणजे नुसता फुगलेला व्रण, ते पुढे वर्ष-दोन वर्षांत थोडंफार आपोआपही बसतं. जखमेची हद्द सोडून बाजूच्या चांगल्या कातडीवर पसरत चाललंय तर केलॉइड, ते कान टोचल्यावर कितीतरी महिन्यांनीही सुरू होऊ शकतं आणि सहसा आपोआप जात नाही. छाती, खांदे, कानाची पाळी, जबडा ह्या त्याच्या नेहमीच्या जागा, काहींना दंडावर बीसीजीच्या जागीही होतं.

शीटबद्दल माझं मत एकदम चांगलं आहे पण चिकाटी पाहिजे. जखम पूर्ण भरून खपली पडल्यावरच लावायची, दिवसातले किमान 12 तास आणि जमलं तर जवळजवळ पूर्ण दिवस, असं निदान 2-3 महिने. कात्रीने मापात कापता येते, रोज साध्या साबणाने धुवायची, वाळवायची आणि परत लावायची, त्यामुळे महाग वाटली तरी एक तुकडा बरेच दिवस पुरतो. त्यातून औषध वगैरे आत जात नाही, वरून झाकून कातडीतला ओलावा टिकवते आणि त्यामुळे खालची जास्तीची वाढ कमी होते. माझी खाज आधी गेली, मग रेघ मऊ झाली, सपाट व्हायला मात्र खूप वेळ लागला. मुंबईच्या घामात खाली बारीक पुरळ येतं, तेव्हा काढून जागा कोरडी होऊ द्यायची. चेहऱ्यावर किंवा सांध्यावर शीट टिकत नाही, तिथे ट्यूबमधली सिलिकॉन जेल बरी, दिवसातून दोनदा पातळ थर लावायचा आणि वाळला की वरून सनस्क्रीन.

केलॉइडला मात्र एकट्या शीटवर भरवसा ठेवू नका. जावेला दर 4 ते 6 आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन देतात, स्टेरॉइड आहे, गाठीतच टोचतात. दुखतं, खरंच दुखतं, कारण गाठ इतकी कडक की सुरुवातीला औषध आत शिरतच नाही, म्हणून काही डॉक्टर आधी लिक्विड नायट्रोजनने गोठवून घेतात आणि मग टोचतात, त्याने गाठ जरा सैल होते. पण गोठवल्यावर आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो हे आधी विचारून घ्या. स्टेरॉइडनेही जागा फिकी पडते, कातडी पातळ होते, खड्डा पडू शकतो, आणि बायकांची पाळीही मागेपुढे होऊ शकते. फरक कमी पडला तर त्यात फाइव्ह-एफयू मिसळतात, ते मूळचं कॅन्सरचं औषध, गरोदर असाल किंवा दिवस राहायचा विचार असेल तर आधीच सांगा, ते चालत नाही. एवढं सगळं असूनही मी म्हणेन की केलॉइडला इंजेक्शनच घ्या, तिची गाठ खूपच बसलीय आणि ती आता केस मागे बांधून बाहेर पडते, ते बघून फार बरं वाटतं. कानाला दाब देणारी क्लिपसारखी इअररिंग मिळते, तीही तिला दिलीय.

व्हिटॅमिन ई कॅप्सूल फोडून चोळू नका, त्याने पुरळ उठतं आणि फायदा सिद्ध झालेला नाही. कांद्याच्या अर्काच्या जेलची जाहिरात खूप असते, पण सिलिकॉनइतका भक्कम आधार तिला नाही, मी पैसे घालणार नाही. आणि कोणी "कापून टाक" म्हटलं तर थांबा, केलॉइड नुसतं कापलं आणि पुढे काहीच केलं नाही तर निम्म्याहून जास्त जणांना परत येतं, कधी आधीपेक्षा मोठं.

खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबईत केईएम आणि सायन, पुण्यात ससून इथे त्वचारोग विभाग आहेत, ओपीडीत दाखवा. शीटला माझे पाचपैकी चार, एक घामासाठी कापला. इंजेक्शनला साडेतीन, दुखण्यामुळे.