साडेतीनशेची मॅक्रो लेन्स, पैसे वसूल (क्लिप सोडून)

मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स घेतली, १५एक्स, दागिने बघायला म्हणून खरं तर. पण पावसाळ्यात सोसायटीच्या मागच्या ओल्या भिंतीवर लावली आणि तासभर तिथेच उकिडवा बसलो. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो ना, त्यातलं बरंचसं मॉस असतं, इवलीइवली पानं नीट दिसतात. झाडांचे पूर्वज पाण्यातून जमिनीवर आले त्याला जवळपास ४७ कोटी वर्षं झाली, पण मॉसला अजून खरी मुळं नाहीत, पाणी वर चढवायला पक्क्या नळ्या नाहीत, आणि नरपेशी अजूनही पोहतच मादीकडे जाते, म्हणून तर पावसात एवढं खूश!

शेजारीच नेचा (फर्न). त्याच्याकडे नळ्या आहेत म्हणून ऐटीत उभा. पानामागचे तपकिरी ठिपके म्हणजे रोग नाही हां, बीजाणूंच्या (बियांऐवजी असणाऱ्या सूक्ष्म कणांच्या) पिशव्या. पान उन्हात धरलं तर वाळताना त्या गलोलीसारखे टचकन बीजाणू उडवतात, हे लेन्समधून बघून मी अक्षरशः ओरडलो.

क्लिप मात्र भंगार, कव्हर काढल्याशिवाय बसत नाही आणि हात जरा हलला की फोकस गेलाच. तरी चार स्टार.