केस चाकू जुना म्हणून घेताय? आधी टँग मोजा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डला बनणारे 'केस' (Case) या कंपनीचे घडीचे चाकू जमवणाऱ्यांसाठी हे लिहीत आहोत. 'केस टेस्टेड एक्सएक्स, ट्रॅपर (दोन लांब पात्यांचा नमुना), ग्रीन बोन (हिरव्या हाडाची मूठ), १९४० च्या आधीचा, आजोबांच्या पेटीतला' असं वर्णन करून विकलेला एक चाकू प्रत्यक्षात पिवळ्या प्लॅस्टिक मुठीचा, १९७० नंतरचा साधा ट्रॅपर निघाला. टँग घासला, नवा शिक्का घातला, मूठ बदलली आणि चाकूचं वय निदान तीस वर्षांनी वाढवलं. फोटो बघून कुणालाही शंका आली नसती, म्हणून तपासणी सविस्तर मांडतोय.

सुरुवात शिक्क्यापासून. टँग म्हणजे पात्याचा मुळाकडचा जाड भाग, जो बोल्स्टरमधल्या, म्हणजे मुठीच्या टोकाच्या धातूच्या तुकड्यातल्या, पिनेवर फिरतो. पातं उघडलं की शिक्का तिथे दिसतो. 'केस टेस्टेड एक्सएक्स' हा शिक्का १९२० ते १९४० चा. त्यानंतर १९६४ पर्यंत नुसतं 'केस एक्सएक्स', आणि १९६५ ते १९६९ त्याच्याखाली 'यू.एस.ए.'. १९७० मध्ये शिक्क्याखाली दहा टिंबं आली आणि दर वर्षी एक कमी होत गेलं. १९७१ ला नऊ, १९७९ ला एक. १९८० ला पुन्हा दहापासून सुरुवात झाली, पण तेव्हापासून 'केस' मधलं एस हे अक्षर विजेच्या रेघेसारखं कोनदार झालं. एकच टिंब असलेला चाकू १९७९ चा की १९८९ चा, हे त्या एका अक्षरावरून ठरतं. विक्रीच्या फोटोत नेमकं तेच अक्षर अंधुक असेल तर दुसरा फोटो मागा. (ते दोन एक्स पोलादाला नीट पाणी दिलं गेल्याची खूण म्हणून आले. हा शिक्का कारागिराच्या कामाची ग्वाही देतो, म्हणून तो खोटा केलेला पाहिला की फार वाईट वाटतं.)

शिक्क्याच्या मागच्या बाजूला नमुन्याचा क्रमांक असतो आणि बनावट पकडायला याच्याइतकी सोपी गोष्ट नाही. पहिला आकडा मुठीचा: ६ म्हणजे खाचा पाडलेलं हाड, ५ सांबरशिंग, ३ पिवळं प्लॅस्टिक. दुसरा आकडा पात्यांचा. पुढचे आकडे नमुन्याचे. ६२५४ म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती, ट्रॅपर. मूठ हाडाची आणि क्रमांक ३ ने सुरू होत असेल तर कुणीतरी मूठ बदलली आहे, तिथे वाद घालायला जागाच नाही. पण १९५० च्या आधीच्या अनेक चाकूंवर क्रमांक नसतो, आणि नेमका याचाच फायदा घेतला जातो. इथेही मागची बाजू कोरी होती आणि 'जुन्यावर नंबर नसायचे' असं उत्तर तयार होतं. उत्तर खरं, चाकू खोटा.

दहापट भिंगाखाली, एका बाजूने तिरका उजेड पाडून पाहिल्यावर कोऱ्या बाजूला ३ या आकड्याची खालची वाटी पुसट दिसली. पुढच्या बाजूला नव्या शिक्क्याच्या शेवटच्या ओळीखाली टिंबांचे दोन उथळ खड्डे राहिले होते. टिंबं म्हणजे १९७० किंवा त्यानंतर. एवढ्यावरच निकाल लागला, तरी बाकीचं सांगतो, कारण हुशार माणूस घासताना एवढंही मागे ठेवत नाही.

खरा शिक्का पोलाद मऊ असताना ठोकलेला असतो. अक्षराच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो, तळ सपाट असतो आणि एखाद्या बाजूला ठसा उथळ असतो. ॲसिडने किंवा लेसरने काढलेल्या अक्षराचा तळ दाणेदार दिसतो, कडा विरघळल्यासारख्या आणि खोली सगळीकडे सारखी.

मग कॅलिपर घ्या. शिक्का पुसायचा तर त्याच्या खोलीइतका धातू काढावाच लागतो, तोही दोन्ही बाजूंनी. ट्रॅपरला एकाच टोकाला दोन लांब पाती असतात. दोन्हींचे टँग मोजून ताडून पाहा. या चाकूत मोठ्या पात्याचा टँग ०.२ मिमी पातळ भरला. टँग पातळ झाला की पातं आडवं डुगडुगतं. ते लपवायला टँग आणि लायनर (मुठीच्या आतला धातूचा पत्रा) यांच्यामध्ये पितळेची पातळ चकती सरकवतात किंवा पिन ठोकून घट्ट करतात. पातं अर्धं उघडून फटीत बघा, नवं चकचकीत पितळ जुन्या काळवंडलेल्या लायनरशेजारी लगेच ओळखू येतं. पिन ठोकलेली असेल तर बोल्स्टरवर बारीक गोल वलय दिसतं. कारखान्यातून आलेल्या चाकूत ही पिन बोल्स्टरच्या धातूत इतकी मिसळलेली असते की शोधावी लागते.

मुठीचं सांगायचं तर हाडात काळसर बारीक छिद्रं असतात, प्लॅस्टिकमध्ये नसतात. डेलरिन हे प्लॅस्टिक १९६० च्या सुमाराला बाजारात आलं, त्यामुळे 'टेस्टेड' शिक्क्याच्या चाकूवर ते मूळचं असूच शकत नाही. या चाकूवर हाड खरं होतं, हिरवेपणा नवा होता. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवताच तो हिरवा झाला. मुठीची हाडाची पट्टी आणि लायनरच्या मध्ये गोंदाचा चकाकणारा थर होता. जुनी हाडाची पट्टी पिनांवर बसवलेली असते, गोंदावर नाही.

पात्यावरची काळसर छटाही मुद्दाम आणलेली होती. वापरातला डाग धारेकडे गडद असतो, टँगकडे वेगळा. इथे पातं उघडायला असलेल्या नखाच्या खाचेच्या तळापासून शिक्क्याच्या अक्षरांपर्यंत एकच राखाडी रंग होता, म्हणजे अख्खं पातं व्हिनेगरमध्ये बुडवलेलं.

प्रत्येक जुना दिसणारा शिक्का लबाडीचा नसतो हेही लक्षात असू द्या. १९८९ पासून काही वर्षं कंपनीच्या परवान्याने 'केस क्लासिक्स' नावाचे चाकू जुन्या शिक्क्यांच्या धर्तीवर बनले. ते चांगले चाकू आहेत, फक्त ते १९३० चे म्हणून विकले जाऊ नयेत.

पैसे देण्याआधी इतके फोटो मागा: दोन्ही पात्यांच्या टँगच्या दोन्ही बाजू तिरक्या उजेडात, दोन्ही बोल्स्टर जवळून, मिटलेला चाकू वरून, म्हणजे पात्याची टोकं लायनरच्या आत बुडतात का ते कळेल. टोक वर आलं असेल तर मुळाशी काहीतरी घासलंय. दोनतीन फोटोंनंतर विकणारा चिडू लागला तर तिथेच थांबा. ओळखीच्या माणसाला पाठवतो तसे थेट पैसे पाठवू नका, तक्रारीची सोय असलेल्या मार्गानेच द्या.

भारतात मागवणाऱ्यांनी ५ ने सुरू होणारे, सांबरशिंगाच्या मुठीचे चाकू सोडून द्यावेत. ते शिंग बऱ्याचदा आपल्याच जंगलातून तिकडे गेलेलं असतं, पण वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथे त्याचा व्यापार चालत नाही आणि पार्सल कस्टममध्ये अडकतं.

चाकू हातात आल्यावर पाकीट उघडताना सलग व्हिडिओ काढा. तपासणी पूर्ण होईपर्यंत पुसू नका, तेल देऊ नका, पिनेला हात लावू नका, आणि स्पिरिटची चाचणी सगळ्यात शेवटी, मुठीच्या आतल्या कडेवर करा. या व्यवहारात विकणाऱ्याचा पहिला बचाव 'तुम्हीच उघडून बिघडवलात' हाच होता. तो टिकला नाही, कारण पाकीट फोडल्यापासून त्या दोन टिंबांपर्यंतचं चित्रीकरण एकसलग होतं. चाकूची किंमत परत मिळाली. पाठवणीचा खर्च आणि कस्टमची रक्कम मिळाली नाही.