फोडलेला डबा आणि माझे 62,400 रुपये

इंजिन कामात लोक कसे गंडवतात हे मला काय माहीत नव्हतं? अकरा वर्षं स्वतःची पिकअप स्वतः चालवतोय, द्राक्षं-भाजी वाशीला पोचवतो. तरी फसलो. लाज बाजूला ठेवून लिहितोय.

गाडी धूर मारायला लागली, ऑइल खायला लागली. मिस्त्री ओळखीचा, मेव्हण्याच्या गाडीचं काम त्यानंच केलेलं. सामान 38,600, लेथवाल्याचे 9,800, मजुरी 14,000. एकूण 62,400. सामानही मिस्त्रीनंच आणलं, का तर "दुकानदार तुम्हाला लुटेल." सामान स्वतः जाऊन आणा, बाबांनो.

बेअरिंगचा (क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ज्यात फिरतो त्या अर्धगोल पट्ट्या, त्यांनाच शेल म्हणतात) डबा माझ्यासमोर बाकड्यावर पडला होता. सील फोडलेलं. होलोग्रामच्या जागी नुसता गोंदाचा डाग. शेल हातात घेऊन उलटा करून बघितला, पाठीवर ना कंपनीचा शिक्का, ना साइजचा आकडा. लेथवर क्रँक दहा नंबर, म्हणजे पाव मिलिमीटर, घासलाय म्हटल्यावर तेवढ्याच जाड शेलच्या पाठीवर पॉइंट पंचवीस दिसायलाच हवं, एवढं मला कळतं. विचारलं तर म्हणतो, "दुकानदारानं चेक करायला फोडला, शेठ. चहा घ्या." आणि मी घेतला चहा! सीझन तोंडावर, रोजचं भाडं बुडतंय, घरी मीच त्याचं कौतुक करून बसलेलो. तुम्ही काय केलं असतं?

इंजिन गरम झालं की आयडलला, म्हणजे गाडी जागेवर उभी चालू असताना, ऑइल प्रेशर कमी असल्याचा लाल दिवा लुकलुकायचा. मिस्त्री म्हणे, "नवीन काम आहे, रुळेल." रुळून ऑइल प्रेशर वाढत नसतं! असं कोणी म्हणालं तर गाडी तिथंच बंद करा.

1,900 किलोमीटर चालली. वाशीहून रिकामे क्रेट घेऊन येताना खंबाटकी घाट चढतोय, तर खालून आधी टकटक, मग खडखड, मग गाडी जाम. टोचनचे 8,500. दुसऱ्या मिस्त्रीनं चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवला तर तळाला चमचमता चुरा, बेअरिंग जागेवरून फिरलेलं, क्रँक तापून निळा पडलेला.

पहिला मिस्त्री म्हणे माल खराब. दुकानदार म्हणे फिटिंग चुकलं, आणि हे बिल आमचं नाहीच. बिल कसलं, वहीचं फाडलेलं पान, त्यावर "इंजिन सामान" एवढंच. लेथवाला म्हणे सांगितलेल्या मापाला घासला.

पोलिसांत गेलो. "हा तुमचा आपसातला व्यवहार." डुप्लिकेट माल विकणं आपसातलं? तीन खेपा घातल्या, तिसऱ्या वेळी साहेब बंदोबस्तावर. ग्राहक आयोगाच्या कार्यालयात तर अर्ज उघडलाही नाही. "पिवळी नंबर प्लेट ना? मग तुम्ही ग्राहक नाही." अरे, 2019 च्या कायद्यातच लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी धरत नाहीत. हे सांगायला वकिलानं माझ्याकडून 2,000 घेतले. पाच लाखांपर्यंत फी नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं. टेबलामागच्यांना सांगायला काय झालं होतं?

निघालेला एकही तुकडा मिस्त्रीच्या हाती देऊ नका. "बदलून आणतो" म्हणून पहिला मिस्त्री माझे शेल घेऊन गेला तो गेलाच. आयोग माल तपासायला प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण माल तर पाहिजे! माझ्याकडं आहे मोबाइलमधला एक अंधुक फोटो.

तक्रारीला मुदत दोन वर्षांची, त्यातले चौदा महिने गेले. काम आणि टोचन मिळून दावा 70,900 चा करतोय. बुडालेली भाडी धरायची तर पावत्या आणा म्हणतात वकील. शेतकरी भाड्याची पावती देतो होय?